साठ ग्रॅम रवा

मसाला लावलेली कोळंबी रव्यात घोळवून प्रेमलतेनं तव्यावर सोडली, तेवढ्यात तिच्या कोपराशी कुणीतरी काहीतरी टेकवलं. न बघताच तिनं ओळखलं. काटा. वजनाचा, तळहाताएवढा, काचेचा, बटण दाबलं की आकडे दाखवणारा. आणि काट्यामागं पुण्याची ती मुलगी, समीक्षा.

"काकू, आजच्या प्लेटमध्ये रवा किती असेल?"

प्रेमलतेनं कोळंबी उलटली.

शुक्रवारी दुपारी ही मुलगी देवबागला एकटीच उतरली, तेव्हा प्रेमलतेला ती आवडली होती. चार खोल्यांचं हे घर आणि पुढच्या पडवीतली खाणावळ सुरू केल्यापासून तळलेली कोळंबी खायला खूप लोक आले, पण ती कशी करता हे इतक्या आस्थेनं कुणी विचारलं नव्हतं. प्रेमलतेनं हौसेनं सगळं सांगितलं. कोकमाचं आगळ, हळद, मीठ, आलं-लसूण, घरचा मसाला. वरून रवा आणि त्यात चिमूटभर तांदळाचं पीठ.

"चिमूटभर म्हणजे किती?"

प्रेमलतेनं हसत चिमूट करून दाखवली. मुलीनं ती चिमूट काट्यावर सोडायला सांगितली.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. शनिवारी सोलकढीत साखर आहे का, म्हणून दोनदा विचारणा. वाढलेली भाकरी ताटातून उचलून काट्यावर. शेजारच्या टेबलावरची माणसं गालातल्या गालात हसायला लागली, आणि आपल्या अन्नालाच कुणीतरी हसतंय असं प्रेमलतेला वाटलं. वजन उतरवणाऱ्या बाया तिनं पाहिल्या होत्या. त्या तेलाला नाकं मुरडत. ही तेलाचं नावही काढत नव्हती. रव्याशीच हिचं काय वैर होतं कोण जाणे!

आज रविवार. पडवीत कोल्हापूरची अकरा माणसं ताटांची वाट बघत होती. तुकाराम, तिचा नवरा, दोन्ही हातांत ताटं घेऊन आत-बाहेर करत होता.

"काकू, मी फक्त एकदा मोजून घेते. रव्याची ताटली काट्यावर ठेवली, की—"

"काटो उचल आधी थंयसून!"

पाहुण्यांशी बोलायची प्रेमलतेची मराठी रागात टिकत नसे. तुकाराम दारातच थबकला.

"गो, सांगून टाक कायतरी त्या चेडवाक," तो हळूच म्हणाला. "भायर लोक बोंबलतत."

"साठ ग्रॅम," प्रेमलता म्हणाली.

"साठ? एका प्लेटला?"

"साठ. लिवून घे. आणि परत माका इचारू नको."

आकडा तिनं मुद्दामच मोठा सांगितला होता. इतकी धास्ती असेल तर घाबरू दे. खाऊ नको म्हणावं.

समीक्षानं काटा उचलला. "मग आज भाकरी आणि भात नको," एवढं म्हणून ती गेली.

कोल्हापूरकरांची पहिली पंगत मार्गी लागल्यावर प्रेमलतेनं आठ कोळंब्या ताटलीत काढल्या. तुकारामाच्या हाती न देता ती स्वतःच मागच्या ओटीवर निघाली. शनिवारच्या त्या हसण्यापासून पोरगी एकटी जेवायला तिथं बसे. दोन शब्द गोड बोलून टाकावेत, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं.

समीक्षा खाडीकडं तोंड करून बसली होती. कुडत्याचं टोक वर धरून तिनं पेनासारखं काहीतरी पोटात टोचलं होतं आणि ओठ हलवत ती आकडे मोजत होती. दहापर्यंत मोजून तिनं सुई बाहेर काढली.

प्रेमलता जागच्या जागी उभी राहिली.

"ता काय?"

"इन्सुलिन." समीक्षानं कुडता खाली केला. "नवव्या वर्षापासून घेते. जेवणाआधी घ्यावं लागतं. तेलाचं नाही, माशाचंही नाही. रवा, भात, भाकरी, साखर, जेवढं पोटात जाणार त्या मापानं."

"आणि आता घेतलंस ता?"

"तुमच्या साठ ग्रॅमचं."

ताटली प्रेमलतेच्या हातात होती. त्या आठ कोळंब्यांकडं ती बघत राहिली. काही न सांगता भाकरी आणून आग्रह करता आला असता. पण किती भाकऱ्यांचा?

"बाय," ती म्हणाली. पाहुण्यांना म्हणायची ती ताई नाही, बाय. "साठबिठ काय नाय. माका राग इलो, म्हणान सांगलंय."

समीक्षा रागावेल असं तिला वाटलं. ती रागावली नाही. नुसते डोळे मिटून तिनं श्वास सोडला. तीच गोष्ट पुन्हा घडल्यावर माणूस सोडतो तसा.

"जास्त झालं का गो? काय होतला?"

"रक्तातली साखर उतरेल. घाबरू नका, अजून वेळ आहे. भात आणा. आणि साखरेचा डबाही राहू दे जवळ."

प्रेमलता धावली. वाटेत तुकारामानं काहीतरी विचारलं, ते तिला ऐकूच आलं नाही. भाताचं भांडंच तिनं उचलून आणलं आणि ताटात डाव उपडा केला. समीक्षा जेवू लागली, तशी ती समोर जमिनीवर बसली आणि प्रत्येक घासाबरोबर तिच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"आधी कित्या नाय सांगलंस?"

"सांगितलं की लोक असेच बघत बसतात."

प्रेमलतेनं नजर खाडीकडं वळवली.

थोड्या वेळानं समीक्षानं बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला. यंत्रातला आकडा पाहिला, आणखी भात मागितला. अर्ध्या तासानं पुन्हा टोचलं, तेव्हा तिचे खांदे सैल पडले.

"हा भात साधारण किती ग्रॅम असेल, काकू?"

प्रेमलतेच्या ओठांवर आकडा आला होता. तो तिनं गिळला.

"माका म्हायत नाय."

समीक्षा पहिल्यांदाच हसली. "हे बरं झालं. असं कुणी सांगतच नाही मला. आईसुद्धा ठोकून देते."

स्वयंपाकघरातून तुकारामाची हाक आली. आणखी चार प्लेट हव्या होत्या.

"थांबूक सांग त्यांका!" प्रेमलता ओरडली. मग समीक्षाकडं वळून म्हणाली, "काटो घेवन ये."

स्वयंपाकघरात रव्याची ताटली काट्यावर चढली. समीक्षानं बटण दाबून आकडा शून्यावर आणला. प्रेमलतेनं एकेक करत आठ कोळंब्या घोळवल्या, झटकल्या, बाजूला ठेवल्या. काटा उणे अठरा दाखवत होता.

"अठरा," समीक्षा म्हणाली आणि वहीत लिहू लागली.

प्रेमलता त्या आकड्याकडं बघत होती. साठातून अठरा गेले तर उरले किती, हे तिला लगेच जमेना. पण जमलं तेव्हा ती पाटावर बसली.

"परत शून्य कर," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला सतरा आले. पडवीत कुणीतरी पेला टेबलावर आपटला.

"असा कसा? आता अठरा होते. परत शून्य कर."

तिसऱ्या खेपेला एकोणीस.

"काकू, एवढं तर इकडंतिकडं होतंच," समीक्षा वैतागून म्हणाली. "पुरे आता. लोक ताटकळलेत तिकडं."

प्रेमलतेनं पुढच्या आठ कोळंब्या काढल्या.