टायरचं पोट

"एकोणचाळीस," टीचर पुटपुटली आणि तिने वहीत आणखी एक रेघ ओढली.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला. कारखान्याच्या गेटवरच्या मावशींनी अडसर खाली घेतला, रजिस्टरात नंबर लिहिला आणि छत्री तिच्या बाजूला सरकवली.

"करपशील उन्हात. काय गं, हल्ली कॉलेजात गाड्या मोजायला शिकवतात?"

"वाहतुकीचा सर्व्हे आहे, मावशी."

"आमच्या वेळी असला विषय असता तर मी पहिली आले असते."

टीचर हसली. तिसऱ्या दिवशी खोटं बोलणं जरा सोपं जात होतं. ती कॉलेजात नव्हती. एकतिसाव्या वर्षी एका गुंतवणूक फंडात इंटर्न होती. आठ वर्षं शिकवणीवर्गात गणित शिकवून घसा कामातून गेला, तेव्हा तिने संध्याकाळचा कोर्स केला. ऑफिसात सगळे तिला टीचरच म्हणत. दोन इंटर्नपैकी एकालाच नोकरी मिळणार होती आणि दुसरा नऊ वर्षांनी लहान होता. त्याला जांभई येताना कुणी पाहिलं नव्हतं.

फंड या कारखान्यात पैसे घालायच्या विचारात होता. रोज चाळीस गाड्या माल बाहेर जातो, असा मालकांचा दावा. तो गुपचूप पडताळायचं काम टीचरकडे आलं होतं.

बसायला मावशींचं स्टूल होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ते पुढे केलं होतं. "मला उभं राहायची सवय आहे."

आज त्या म्हणाल्या, "कुणी पैसेवाले येणार म्हणतात. मग इथं मला केबिन. पंख्यासकट! अकरा वर्षं झाली गं, गुडघे आता ऐकत नाहीत."

घरी पोचल्यावर टीचर चपला न काढताच खुर्चीत बसली. "आकडा जुळला, बाबा. रोजच्या चाळीसच्या आसपास."

बाबा वजनकाट्यावरून निवृत्त झालेले कारकून. "भरलेल्या की रिकाम्या?"

"बंद गाड्या असतात. कसं कळणार?"

"सत्तावीस वर्षं मी काट्यावर काय माशा मारत होतो? टायरचं पोट बघ. गाडी भरलेली असली की मागच्या टायरचं पोट सुटतं. रिकामी गाडी गतिरोधकावर नाचते."

चौथ्या दिवशी तिने टायर पाहिले. गेटबाहेरच्या गतिरोधकावर बहुतेक गाड्या खडखडत नाचून गेल्या. चाळीस गाड्यांमध्ये पोट सुटलेल्या अकरा. निघताना मावशींनी छत्री तिच्या हातात कोंबली. "स्टॉपपर्यंत ने. उद्या आण."

बसमध्ये तिने वही उघडली. आजच्या चाळीस रेघा होत्या. गाड्या मोजायला सांगितलं होतं, टायरचं कुणी विचारलं नव्हतं. चाळीस लिहिले असते तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पंख्याची केबिनही झाली असती. तिने बराच वेळ टोपण लावून पेन हातात धरलं. मग एकोणतीस रेघांवर काट मारली.

"टायरवरून?" ऑफिसात साहेबांनी चष्मा काढला. "तुझ्या आधी दोघं जाऊन आले. दोघांनी चाळीसच सांगितल्या."

त्यांनी माणसं पाठवून नाक्यावरच्या वजनाच्या नोंदी तपासून घेतल्या. आठवड्याने टीचरला बोलावलं. गाड्या रिकाम्याच निघाल्या होत्या; पैसे घालायचे नाहीत असं ठरून कारखान्याची फाइल बंद झाली होती. "सोमवारपासून तू कायम. खिडकीजवळचं टेबल घे."

दुसऱ्या इंटर्नने हात मिळवला. "मानलं, टीचर," म्हणाला आणि पहिल्यांदाच दमलेला दिसला. घरी बाबा नुसतं "हं" म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

शनिवारी ती छत्री घेऊन गेटवर गेली. त्याआधी कोपऱ्यावर थांबून तिने गळ्यातलं नवं ओळखपत्र पर्समध्ये टाकलं.

"आलीस का! मला वाटलं, छत्री गेली," मावशी म्हणाल्या. "झाला सर्व्हे? पास झालीस?"

"झाले."

"मग! माझ्या स्टुलाचा गुण आहे."

एक ट्रक आला. मावशी गुडघ्यावर हात दाबत उठल्या, अडसर वर केला. ट्रक गतिरोधकावर नाचत निघून गेला. त्यांनी नंबर लिहिला आणि पायाने स्टूल सावलीत सरकवलं.

"बस की. दमलेली दिसतेस."

टीचर उभीच राहिली.