आसरांच्या झऱ्यात शिसं

वेल्ह्याच्या डोंगरात एका धनगरवस्तीवर आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवींचा, झरा आहे. त्याचं पाणी पिऊन कोंडाबाईची शेळी तोरणा चढली आणि गड बुटका निघाला म्हणून वर जाऊन रुसून बसली. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा.

त्या झऱ्यावरून वस्तीत पाइप यायचा होता, पण पाणी चांगलं निघालं तरच. जन्मभर हंडे वाहिलेल्या कोंडाबाईच्या स्वप्नात तो पाइप येऊन रामराम घालायचा.

पुण्याच्या कॉलेजात शिकणारी नात वैष्णवी पाणी तपासायला येणार होती. "आज्जी, पाणी भरून ठेव," असं तिनं फोनवर सांगितलं. नात झाली तरी सायबीण! कोंडाबाईनं नवी कल्हई केलेलं पितळी पातेलं चिंचेनं लखलखीत घासलं आणि संध्याकाळीच भरून ठेवलं.

सकाळी वैष्णवीनं काळी डबी काढली. आतल्या पट्टीवर पाण्याचा थेंब टाकायचा, दिवा लावायचा, भोकातून बघायचं. पट्टी निळी चमकली तर ठीक. पाण्यात शिसं असलं की चमक विझते.

वैष्णवीचा चेहराच विझला. "आज्जी, शिसं आहे गं."

"शिसं? शिसपेन्सिलीतलं?"

"त्याहून वाईट. अंगात साठतं. लेकरांना तर लई बाधतं."

"आता पाइपातनं ताक सोडा," म्हातारा बाजी ओट्यावरून म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा!" कोंडाबाईनं नवऱ्याला दटावलं आणि नातीचा हात धरला. "चल झऱ्यावर. आसरांच्या तोंडावर सांग, तुमचं पाणी नासलंय म्हून!"

झऱ्यावर वैष्णवीनं खडकातून ठिबकणारा थेंब थेट पट्टीवर घेतला. बघितलं. पुन्हा बघितलं. मग डबी आजीच्या डोळ्याला लावली.

"आगं, निळंशार! मोराच्या मानंवानी!"

"मग घरातलं पाणी कुठलं?"

"हितलंच की. नव्या कल्हईच्या पातेल्यात ठेवलं हुतं, तुझ्यासाटी."

"कल्हई कुणी केली?"

"आल्ता एक दारावर. लई स्वस्तात."

वैष्णवीनं कपाळावर हात मारला. "कथलाची करायची कल्हई, त्यानं शिसं मिसळलं. वर तू चिंचेनं घासलंस. तेच पाण्यात उतरलं!"

कोंडाबाई तिथंच मटकन बसली आणि हसत सुटली. "म्हंजी झरा न्हाई, आमीच नासलो व्हय!"

अर्ध्या वस्तीनं त्याच माणसाकडून कल्हई करून घेतली होती. दुपारी बाया पाण्यासकट भांडी घेऊन ओट्याशी जमल्या. वैष्णवी थेंब टाकी, कोंडाबाई भोकातून बघून ओरडे, "अंबूबाई, तुजं पातेलं इझलं! नूतन, तुजी पितळी निळी हाय, ऱ्हाऊ दे घरात!"

पुढं मोठ्या प्रयोगशाळेनंही झऱ्याचं पाणी पास केलं. पाइपासाठी चर खणणारे आले त्या दिवशी कोंडाबाई पहाटेच झऱ्यावर जाऊन उभी. पहिली कुदळ तिनंच मारली. म्हणतात, त्या दणक्यानं पानशेतच्या धरणात लाट उठली.