तिखट कानाचे सासरे

पियानो लावणारा माणूस घरात आहे म्हटल्यावर लोकांना वाटायचं, या घरात दिवसभर काय ते संगीत चालत असेल. कसलं संगीत! चालायचं ते भांडण, आणि तेही शनिवारी आठाच्या ठोक्याला, टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं पियानो सुरात लावले. शाळांचे, हॉटेलांचे, हौशी डॉक्टरांच्या दिवाणखान्यातले. कान इतका तिखट की शेजाऱ्यांचा फ्रिज बिघडलाय हे शेजाऱ्यांच्या आधी त्यांना कळायचं. चांगल्या सुराबद्दल मात्र त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही. बरोबर आहे ते बरोबरच असायचं, त्यात बोलायचं काय? तोंड उघडायचं ते कुठे काही चुकलं म्हणजे. आणि टीव्हीसमोर बसले की ते तोंड मिटायचंच नाही.

"परीक्षक रडतोय बघ. याला चूक सांगायला बसवलाय, आणि हा नाक पुसतोय."

"बाबा, बेकरीत पाव भाजणारी मुलगी आहे ती," सून म्हणायची. "एवढ्या लोकांपुढे एकटी उभी राहिली, त्याचं काहीच नाही का?"

"मग उभं राहण्याची स्पर्धा म्हणा की."

सून घराच्या पुढच्या खोलीत कपड्यांचं आल्टरेशन करायची. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, बाळंतपणानंतर कमरेत घट्ट झालेले झगे सैल करणं. मशीनवर मान मोडून काम करणाऱ्या बाईला त्या बेकरीवालीचं कौतुक वाटणार नाही तर कोणाला? गिऱ्हाइकांची तऱ्हा वेगळी. एक म्हणायची, मी फक्त हरणाऱ्याचं तोंड बघायला लावते. दुसरी म्हणायची, मला ते आईबापांना मंचावर बोलावून रडवणं बघवत नाही, आणि पुढे सगळ्या आईबापांची कहाणी तोंडपाठ सांगायची. एकीलाही गाणं आठवायचं नाही. हे सासऱ्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचा आठवडा मजेत गेला.

मग चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळे सगळीकडे फिरायचे, पण शब्द म्हणून बाहेर येत नव्हता. एरवी ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं त्या माणसाचा घरात आवाज नाही म्हटल्यावर भिंतीसुद्धा अंगावर यायला लागल्या.

बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून तीनदा यायची. कप, कंगवा, चावी अशी चित्रं पुढे धरायची. "हे काय आहे, आजोबा? क... क..." सासरे खिडकीकडे तोंड फिरवायचे. तोंड असं, की यांना कुणी बालवाडीत नेऊन बसवलंय. शेवटी त्या बाईने सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. एक शब्द जरी आला ना, तरी पुढचे यायला वाट मिळते. हे तर प्रयत्नच करत नाहीत. असंच राहिलं तर मला तरी काही करता येईल असं वाटत नाही."

त्या रात्री सुनेने डोक्यात हे प्रकरण उलटंपालटं करून पाहिलं. झटका आल्यापासून घरातलं प्रत्येक माणूस त्यांच्याशी मधाळ बोलत होतं. वा बाबा, छान बाबा, घोट घेतलात, शाब्बास बाबा. अरे, पण या माणसाने जन्मात छान म्हणायला तोंड उघडलेलं नाही. त्याला काहीतरी चुकलेलं हवं.

शनिवारी तिने टीव्ही लावला. आवाजही मोठा ठेवला.

"अगं, बंद कर," नवरा म्हणाला. "त्यांना त्रास होतो हे माहीत आहे ना तुला?"

"त्यांना त्रासच व्हायला हवाय."

नवऱ्याने ही गोष्ट बहिणीला सांगितली, आणि नणंदबाईंचा लगेच फोन. "वहिनी, बाबांना उठून जाता येत नाही म्हणून तू डाव साधतेस का गं?" सुनेने पुढच्या शनिवारीही टीव्ही लावला. तीन शनिवार गेले. गाणारे आले, रडणारे आले, परीक्षक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि सासरे पडद्याकडे बघत ढिम्म. एक भुवई हलेल तर शपथ.

चौथ्या आठवड्यात एक जण पँट आखूड करायला आला. कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. टेप लावता लावता तिने विचारलंच, की इतकी माणसं गातात, पण चुकत कसं कुणी नाही?

"चुकतात की, ताई. पण दाखवताना सुधारून दाखवतात. सूर घसरला की मशीन त्याला ओढून जागेवर आणतं. घरी बसून पत्ताही लागत नाही."

तिने कपाळावर हात मारला. म्हणजे तीन आठवडे ती त्या म्हाताऱ्याला टाचणी टोचत होती आणि टाचणीला टोकच नव्हतं. सगळं कसं गुळगुळीत, सगळं बरोबर. सासरे बोलणार कशावर?

त्या शनिवारी तिने टीव्ही लावला तो सवयीने. आशा सोडून दिली होती. सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी बसून ती एका झग्याला काठ घालत होती. बेकरीवाली आली आणि सुनेचं आवडतं गाणं म्हणायला लागली. सुई चालू होती, डोकं रिकामं होतं, आणि कधी सुरुवात झाली ते तिलाच कळलं नाही, पण ती त्या पोरीबरोबर गायला लागली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सासऱ्यांच्या कानाच्या धाकाने या घरात तिने साधी गुणगुणसुद्धा केली नव्हती. आता ती मोकळ्या गळ्याने गात होती.

शेजारून घसा खरवडल्यासारखा आवाज आला. ठसका लागला असेल म्हणून तिने गाणं थांबवून पाण्याचा कप पुढे केला. सासऱ्यांनी डाव्या हाताने कप बाजूला ढकलला. चेहरा दाढ दुखावी तसा झाला होता.

"बे," ते म्हणाले. ओठ थरथरले. "बे... सूर."

तिच्या हातातला कप कलंडून झग्यावर पाणी सांडलं. तिने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग तीच ओळ एकटीने म्हटली. मुद्दाम वाईट गायची गरज नव्हती, ती सोय देवाने तिच्या गळ्यात जन्मापासूनच करून ठेवली होती.

"बेसूर," सासरे म्हणाले. या वेळी स्पष्ट, अख्खं, एका दमात.

नवरा तोंडावर साबण तसाच घेऊन न्हाणीतून धावत आला. "कोण बोललं?"

"बाबा." तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती दोन्ही करत होती. "मला बेसूर म्हणाले."

नवरा दारातच खाली बसला. चार महिने त्याने दातांवर दात ठेवून काढले होते, आता साबणाच्या फेसातून त्याचे डोळे वाहत होते. "हुश्श," तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, "हुश्श." मग त्याने बहिणीला फोन लावला आणि काही न बोलता तो वडिलांसमोर धरून ठेवला.

"गा," तो बायकोला म्हणाला. "अगं, थांबलीस काय, गा."

तिला गाववेना. सासरे वाट बघत होते. त्यांनी डावा हात वर केला आणि त्या चुकलेल्या जागेचा खरा सूर स्वतः लावून दाखवला. बारीक होता, कापरा होता, पण जागेवर होता.

ती गायली. पुन्हा तिथेच घसरली. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि परत सूर दिला. ती परत गायली.

फोनमधून नणंदेचं रडणं ऐकू येत होतं. "वहिनी," ती म्हणाली, "अगं, जरा नीट गा की, किती छळतेस त्यांना."

"नीटच गातेय मी," सून डोळे पुसत म्हणाली.

"नाही," सासरे म्हणाले.