हंड्याची वाट

माझ्या हरेशनं वाशिंदची नोकरी सोडली. शहरातली माणसं काळू नदीच्या डोहावर पोहायला आणायची, हे त्याच्या डोक्यात. त्यानं चुना टाकून सरळ खाली वाट आखली. रविवारी पहिली मंडळी यायची, नि शनिवारी त्याच वाटेवर आमची सून सारिका घसरून पडली.

"आता कोण येल गो आये?"

"नदीचं पाणी इतकी वर्सं कोणी वाहिलं? तुझ्या बापानं? मला इचारलंस?"

नळ आल्यापासून पडून असलेला हंडा मी नदीवर भरला, डोईवर घेतला नि बायकांच्या जुन्या वळणांनी वर निघाले. "चुना टाकत मागनं ये."

वर पोचले तरी हंड्यातला थेंब सांडला नव्हता, पदर कोरडा होता.

"आये, परत एकदा चाल ना. मधलं वळण चुकलं."

"आधी धापा टाकणं थांबव," मी म्हटलं.