सुलाबाईची ओळ

कस्तुराबाई आणि सुलाबाई या पाठोपाठच्या बहिणी. थोरली कस्तुराबाई राणीसावरगावजवळच्या एका वाडीवर दिली, धाकटी सुलाबाई ताडकळसच्या पलीकडं. मध्ये गंगा, म्हणजे गोदावरी, आणि दोन एसट्या बदलायच्या. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण एवढ्या वर्षांत दोघी सलग पंधरा दिवस एकत्र राहिल्या त्या फक्त आई गेली तेव्हा. लहानपणी एका जात्यावर बसायच्या. पहिली ओळ थोरलीनं घालायची, दुसरी धाकटीनं जुळवायची. जातं गेलं, माहेर गेलं, तरी ती सवय दोघींच्या जिभेवर तशीच राहिली.

कस्तुराबाईची सून राजेश्री हिनं हे एकदा फोनवर ऐकलं. सासू भाजी निवडत एक ओळ म्हणायची आणि फोनमधून मावशी दुसरी म्हणायची. राजेश्रीनं दोन्हीकडचे व्हिडिओ जोडून मोबाइलवर टाकले. चॅनलला नाव दिलं ‘दोघी बहिणी’. दोन वर्षांत एकशे तीस ओव्या झाल्या. लोक ऐकायचे, पुण्या-सुरतेला गेलेल्या बाया खाली लिहायच्या, माहेर आठवलं म्हणून. कस्तुराबाईला त्याचं विशेष काही नव्हतं. तिला रोज दुपारी बहिणीचा आवाज ऐकायला मिळायचा, एवढंच तिच्यासाठी खरं होतं.

निवडणुकीच्या वर्षी परभणीहून हरिओम नावाचा माणूस आला. भागातून आमदारकीला उभ्या राहिलेल्या एका साहेबांचं मोबाइलवरचं सगळं काम तो बघायचा. गावच्या रस्त्याबद्दलची दोघींची एक ओवी त्यानं साहेबांच्या प्रचारात वापरली, दोघींना लुगडी दिली, फोटो काढले. सुलाबाई फोनवर हसून म्हणाली, “अक्का, आता आपण फेमस झालो की.”

साहेब निवडून आले. सुलाबाईच्या गावात नवा दवाखाना झाला, साहेबांनी फीत कापली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कस्तुराबाई बहिणीकडं कापूस वेचायला गेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ओळीत वाकलेल्या सुलाबाईच्या पायाला साप चावला. पोरांनी मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात आणलं. कस्तुराबाई मागून पळत आली. दाराला कुलूप होतं. डॉक्टरचा पत्ता नाही, नर्सचा नाही. कस्तुराबाईनं ते कुलूप दोन्ही हातांनी हलवलं, दगड घेऊन त्याच्यावर मारला. शेवटी जीप मिळाली. परभणीचा रस्ता अर्धा झाला नसेल, तेवढ्यात सुलाबाईनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं ते टाकलंच.

तेरावं उरकून घरी आल्यावर दुपारी कस्तुराबाईच्या तोंडून ओवी आली. दुसरी ओळही तिलाच म्हणावी लागली.

*दवाखाना बांधियेला, दारी फीत कापियेली*
*कुलूप काढाया कोणी किल्ली नाही ठेवियेली*

राजेश्रीनं ती टाकली. चार दिवसांत तीन लाख लोकांनी ऐकली. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या, साहेबांच्या विरोधकांनी ती आपापल्या गटात फिरवली. पाचव्या दिवशी हरिओमचा फोन आला.

“वहिनी, ती ओवी काढून टाका. साहेबांना लय वाईट वाटलंय.”

राजेश्रीनं सासूकडं पाहिलं. कस्तुराबाई म्हणाली, “त्याला विचार, खोटं काय हाय त्यात?”

आठवड्यानं चॅनल उघडेना. पडद्यावर नुसतं यायचं, ‘हे चॅनल उपलब्ध नाही.’ शेकडो तक्रारी गेल्या होत्या, कुठून गेल्या ते सांगायला कुणी नव्हतं. राजेश्रीनं अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच यायचं, तेही यंत्रानं लिहिलेलं. आणि ठाण्यातून निरोप आला, की अफवा पसरवल्याबद्दल चौकशीला यावं.

कस्तुराबाईला चौकशीची भीती वाटली नाही. तिनं सुनेला विचारलं, “सुलाच्या ओव्या कुठं हायेत मंग?”

“त्यातच होत्या, आत्या.”

“तुझ्या मोबाइलमधी?”

राजेश्री खाली बघत म्हणाली, “जागा न्हवती मोबाइलमधी. टाकलं की पुसून टाकायची मी.”

 त्या दिवशी सासू जेवली नाही. बहीण जाळली तेव्हा एकदा गेली होती, आता दुसऱ्यांदा गेली. फोटो होता भिंतीवर, पण फोटोला काय करायचं? सुलाबाईचा चेहरा तिला डोळे मिटूनही दिसायचा. आवाज मात्र दिवसागणिक विरत चालला होता. कधी वाटायचं, सापडला. धरायला गेलं की तो आईचा निघायचा, नाहीतर स्वतःचाच.

हरिओम स्वतः घरी आला. ओसरीवर बसला, चहा घेतला. आवाज गोड होता.

“मावशी, वर बोलणं झालंय. चॅनल चालू होतंय. तुमी फक्त मोबाइलसमोर दोन शब्द बोलायचे, की कुणीतरी भरीला घातलं, चूक झाली.”

“आन् सुलाच्या ओव्या?”

“सगळ्या परत येतेत. एक बी जात न्हाई.”

कस्तुराबाई बराच वेळ बोटानं जमिनीवर रेघा ओढत राहिली. मग पदर सारखा करून म्हणाली, “लाव मोबाइल.”

राजेश्री चमकली. हरिओमनं कागद वाचून दाखवला. ‘मला कुणीतरी सांगितलं म्हणून मी ती ओवी म्हणाले’, ‘साहेब देवमाणूस आहेत’, हे तिनं मान हलवून मान्य केलं. शेवटची ओळ होती, दवाखान्याला त्या दिवशी कुलूप नव्हतं.

“हे न्हाई जमायचं,” ती म्हणाली.

“एवढंच तर महत्त्वाचं हाय, मावशी.”

“बाकीचं म्हणते मी. चूक म्हण, येडी म्हण. पर कुलूप न्हवतं कसं म्हणू? माझ्या हाताला त्याचा गंज लागलाय, बापा.”

हरिओमनं दोनदा समजावलं, मग मोबाइल खिशात घातला. तो गेल्यावर कस्तुराबाई भिंतीला टेकून रडली. आपण काय घालवलं हे तिला नीट कळत होतं.

ठाण्यात व्यंकटराव जमादार होते. निवृत्तीला आलेले, कानावर चष्म्याची दोरी. त्यांनी राजेश्रीला बाहेर बसवलं आणि कॉम्प्युटर वळवून कस्तुराबाईसमोर केला.

“मावशी, चॅनल बंद व्हायच्या आधीच आमी सगळं उतरवून घेतलंय. आवाज ओळखायचे आन् सांगायचं, कोण हाय.”

त्यांनी बटण दाबलं. आधी कस्तुराबाईचाच आवाज आला, *ताडकळसच्या बाजारी, बाई बांगड्यांची दाटी.* आणि मग पलीकडून, थोडा खरखरीत, शेवटाला उंच जाणारा:

*एक डझन घेतल्या माझ्या अक्काच्या गं साठी.*

कस्तुराबाईनं टेबलाची कड धरली.

“हा आवाज कुणाचा?” व्यंकटरावांनी पेन उचललं.

 त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “परत लावता का? नीट कळालं न्हाई.”

त्यांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. चौथ्या वेळी मात्र त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“बहीण का?”

“हां. दवाखान्याला कुलूप होतं म्हणून गेली ती.”

त्यांनी कागदावर लिहिलं, आवाज ओळखला. मग म्हणाले, “असे एकशे तीस हायेत. एका दिवसात व्हायचं न्हाई. दर सोमवारी यावं लागंल.”

लोकांना वाटलं, म्हातारीला त्रास देताहेत. राजेश्रीचा नवरा वकील बघायला निघाला. कस्तुराबाईनं त्याला थांबवलं. सोमवार आला की ती सकाळीच न्हायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि एसटीच्या थांब्यावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायची. ठाण्यात बारा-एक ओव्या व्हायच्या. व्यंकटराव सगळं हातानं उतरवून घ्यायचे, ओळ न ओळ, कारण वर तसाच अहवाल जायचा होता. एका ओवीत सुलाबाई मध्येच शब्द विसरून हसली होती. जमादार विचारात पडले, “हे काय लिहू?”

“हसली म्हणून लिवा,” कस्तुराबाई म्हणाली.

त्यांनी कंसात लिहिलं, हसते.

अकरा सोमवार झाले. बाराव्याला व्यंकटराव उभे राहिले आणि म्हणाले, “मावशी, तुमचं सुटलं. प्रकरण मिटलं, वरून आदेश आलाय. आता यायची गरज न्हाई.”

“आन् त्या ओव्या?”

“दफ्तर परभणीला गेलं. कॉम्प्युटरमधलं बी त्यांनी नेलं.”

राजेश्रीनं नकलेसाठी अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सदर सामग्री अर्जदारास देता येत नाही. पुन्हा अर्ज केला, त्याचं उत्तर आलंच नाही.

एके दिवशी दुपारी कस्तुराबाई सुनेला म्हणाली, “नवं चॅनल काढ. मी कुलपाची ओवी परत म्हणते.”

“आत्या, परत बोलावतील.”

“बोलावू दे. मंग सुलाच्या ओव्या बी दफ्तरातनं काढतील की.”

राजेश्रीला ते कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिनं मोबाइल काढला. या वेळी ओवी त्रेसष्ट जणांनी ऐकली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकाही होऊन गेल्या होत्या, विरोधकांना ती नको होती, आणि साहेबांना तिची भीती उरली नव्हती. हरिओमचा फोन आला नाही. ठाण्याचा निरोप आला नाही. वाडीच्या रस्त्यावर मोटरसायकल वाजली की कस्तुराबाई ओसरीच्या कडेला यायची. एकदा टपालवाला आला, एकदा दूधवाला.

मग एका सोमवारी न बोलावता ती ठाण्यात गेली.

“कामून आलात?” व्यंकटरावांनी विचारलं.

“मी परत म्हणले ती ओवी. लिवून घ्या.”

“कुणाची तक्रार न्हाई, मावशी. तक्रारीबगर कसं लिहू?”

“मंग तुमीच करा तक्रार.”

व्यंकटरावांनी तिला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. समोरच्या टेबलावर दुसराच कॉम्प्युटर होता. कस्तुराबाई त्याच्याकडं बघत, कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, पुटपुटल्यासारखी म्हणाली:

*दोन गावांच्या मधून गंगामाई वाहतसे*

ती तिथंच थांबली. पुढची ओळ तिला येत होती, पण ती म्हणायचा अधिकार तिचा नव्हता.

व्यंकटराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी घसा साफ केला आणि साक्ष वाचावी तशा कोरड्या आवाजात म्हणाले:

*ह्या काठी मी पाणी पिते, त्या काठी अक्का ग दिसे.*

“एकशे तीसच्या एकशे तीस हातानं लिहिल्यात,” ते संकोचून म्हणाले. “राहिल्या ध्यानात.”

कस्तुराबाई त्यांच्याकडं बघत राहिली. शब्द बरोबर होते, एक मात्रा चुकली नव्हती. सूर तेवढा नव्हता. जमादारांच्या तोंडून तो येणं शक्यही नव्हतं.

“अजून एक म्हणू का?” तिनं विचारलं.

व्यंकटरावांनी दाराकडं पाहिलं. साडेअकरा वाजले होते, ठाण्यात वर्दळ नव्हती.

“म्हणा,” ते म्हणाले.