दहाची चौकट रिकामी

आमच्या वरकुट्यात आजारी माणसाला भेटायला जायचे नियम ठरलेले आहेत. हातात बिस्किटाचा पुडा पाहिजे. टेकल्या टेकल्या "लई वाळला की ओ" म्हणायचं. मग त्याच आजारानं आपल्या ओळखीतलं कोण कसं गेलं, ते सगळं रंगवून सांगायचं. चहा प्यायचा आणि उठताना माझ्या आईच्या कानात कुजबुजायचं, "त्यास्नी कळू देऊ नगा हां."

त्यास्नी म्हणजे आबांना, माझ्या आजोबांना. कळू द्यायचं नव्हतं ते पोटातल्या कॅन्सरचं. तीस वर्षं इंदापूरच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस, पुण्याहून एसटीनं येताना स्वतःची फाईल मांडीवर घेऊन आला होता. तरी सगळ्यांची खात्री, म्हाताऱ्याला काही माहीत नाही.

पुण्याच्या दवाखान्यानं सांगितलं होतं, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते फायलीत कुठंच नव्हतं. मी अख्खी वाचली. मग पप्पांच्या मोटरसायकलवर बसून मी बारामती पालथी घातली. एक डॉक्टर म्हणाले, सलाईन लावू. दुसरे म्हणाले, पेशंटचं मनोबल वाढवा. तिसऱ्यांनी तर पप्पांचा चेहरा बघून पप्पांनाच टॉनिक लिहून दिलं! शेवटी त्यांच्याच कंपाउंडरनं हळूच पत्ता दिला. एमआयडीसीच्या अलीकडं दोन खोल्या, चार खाटा आणि करुणा सिस्टर.

"इथं आम्ही कुणाला बरं करत नाही," सिस्टर पहिल्यांदा हेच म्हणाल्या.

"मग करता काय?" मी विचारलं. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून मी कुणालाही विचारते.

"दुखू देत नाही."

त्यांच्या डॉक्टरांनी कागद बघून गोळ्या दिल्या. सिस्टरनी बजावलं, "सहा, दहा, दोन, सहा, दहा. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळाची बघायची. आबांना घरीच ठेवा. मी गुरुवारी येते."

घरी आलो तर नाना दारातच. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, सोमनाथ. घरात शब्द त्यांचाच. त्यांनी गोळ्यांची बाटली उलटसुलट केली, ट्रंकेत टाकली आणि कुलूप घातलं.

"ही अफूच्या जातीची गोळी हाय. सवय लागंल आबाला. लईच वरडला तर देऊ."

हे बोलताना नानांच्या गालात तंबाखूचा बार होता. तो गाल मी जन्मल्यापासून रिकामा पाहिलेला नाही.

"नाना, सवय लागायला आबांकडं वेळ कुठाय?"

"प्रिया!" आई ओरडली. पप्पा चपला शोधायला लागले. थोरल्या भावासमोर पप्पांना नेहमी चपलाच शोधायच्या असतात.

आणि आबा काही ओरडेनात. समोर पाहुणे बसलेले, त्यांच्यापुढं कण्हायचं कसं? ते उपरण्याचं टोक दातांत धरायचे. तीन दिवसांत उपरण्याला भोकं पडली.

मग मी ड्रॉइंगच्या कागदावर तक्ता आखला. 'गंगाराम आबांची गोळी.' वेळ, दिली का, देणाऱ्याची सही. आणि टांगला कुठं? पाहुणे चपला काढतात तिथंच. आमच्या गावात भिंतीला कागद लागला की तो वाचल्याशिवाय कुणी पुढं सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला शेजारच्या सिंधुबाई आल्या, नवऱ्याला, तात्याबांना घेऊन. सिंधुबाईंना वाचता येत नाही, पण मोकळी जागा त्यांना लांबून दिसते.

"अगं प्रिये, हितं रिकामं का गं?"

"दहाची चौकट आहे. सहाचीही रिकामीच. गोळी ट्रंकेत, चावी नानांकडं."

"अगं बया! बापाच्या गोळीला कुलूप?" हे गावाच्या टोकाच्या बुद्धविहारापर्यंत ऐकू गेलं असणार. "सोम्या, ये भाईर!"

नाना आले. "तसं न्हाय सिंधुकाकू. सवय लागंल म्हनून..."

"लागू दे की," तात्याबा म्हणाले. "पुढल्या साली सोडवू."

बोलून गेले आणि जीभ चावली. तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"तात्याबा, कॅन्सर पोटात हाय माझ्या. कानात न्हाय."

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आत गेले. चावी कुलपात दोनदा उलटीच घातली. शेवटी कुलूप मी उघडलं, पण गोळी त्यांनीच दिली. मग बाहेर येऊन चौकटीत पूर्ण नाव लिहून तारखेसकट सही केली.

त्यानंतर तक्त्याला गर्दीच झाली. दोनची चौकट सिंधुबाईंनी पटकावली आणि रोज अंगठा उमटवायला लागल्या. पाहुण्यांचे हात गुंतले तशी तोंडं कमी चालायला लागली. आई बऱ्याच दिवसांनी दुपारी पाठ टेकू शकली.

गुरुवारी सिस्टर आल्या. तक्ता बघून हसल्या. आबांनी त्यांना जवळ बोलावलं.

"सिस्टर, आमच्या सोम्याचं खरं झालं. सवय लागली मला."

नाना दारातच थबकले. "कसली, आबा?"

"झोपायची."

घड्याळात दोनला पाच कमी होते. सिंधुबाई अंगठा सरसावून बसल्या होत्या, त्यांना नानांनी हातानंच थांबवलं. बाहेर जाऊन तंबाखू थुंकली, खळखळून चूळ भरली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत आले.