पोटात गोळा राहिलेला नळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी नळा आहे. आकाशात फुटणारे रंगीत दारूगोळे ज्याच्या तोंडातून उडतात ना, तोच मी. तुम्ही मान वर करून फुलं बघता, टाळ्या वाजवता. खाली वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या माझ्याकडे कुणाचं लक्ष जातं? जाऊ द्या. मी रुसलेलो नाही. आज मी तुम्हाला श्रावणातल्या एका दुपारची गोष्ट सांगणार आहे. ती आठवली की अजून माझं लोखंड गार पडतं.

माझं मूळ बहादरपूरचं. केळीच्या बागेत मी बोअरवेलच्या तोंडाशी उभा होतो. बोअर आटली, मला उपटलं, शहरातल्या शनवारा भागातल्या वर्कशॉपमध्ये माझे तुकडे केले, खाली जाड पत्रा जोडून बूड बंद केलं. तिथून आतषबाजीवाल्या सुकलालने मला गावाबाहेरच्या जत्रा-बागेत आणलं. पाळणे, घसरगुंड्या, टॉयट्रेन आणि दिवाळीला आतषबाजी! आम्ही चाळीस नळे एका रांगेत. सुकलाल वात पेटवायचा आणि मनात बार मोजायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आशाबाई आम्हाला वाळूतून काढून ओळीने आडवं मांडायची आणि लाकडी काठीने एकेकाला वाजवायची. रिकामा नळा टण्ण वाजतो. पोटात गोळा राहिला असेल तर नुसतं थप्प. ती डोळे मिटून ऐकायची. तिचा कान कधी चुकला नाही. त्या टण्णसाठी मी वर्षभर वाट बघायचो, खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीला मात्र घोटाळा झाला. आतषबाजी सुरू असतानाच अवकाळी सर आली. माझी वात भिजून विझली आणि गोळा पोटातच राहिला. लोक पळाले, सुकलालही ताडपत्री ओढत धावला. आशाबाई त्या वेळी दापोऱ्याला होती, लेकीच्या बाळंतपणाला. सकाळी सुकलालने आम्हाला घाईघाईत काढलं, उंदीर शिरू नयेत म्हणून तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबले आणि शेडमागे रचून ठेवलं. वाजवलं कुणीच नाही. नऊ महिने मी तो गोळा पोटात घेऊन पडून होतो. भिजलेली दारू उन्हाळ्यात कडकडीत वाळली होती.

पावसाळ्यात बाग बंद असते आणि बांधकामं निघतात. यंदा मुलांच्या नव्या घसरगुंडीला कठडा करायचा होता. व्यवस्थापक निरंजनसाहेब शेडमागे आले. म्हणाले, "अरे, हे पाइप सडायलेच ना? यांनाच कापा. दिवाळीच्या आत कठडा उभा पायजे." सुकलाल तेव्हा पुढच्या फाटकाला रंग देत होता. त्याला कुणी विचारलंही नाही.

आणि मला कापायला आला कोण? सागर! आशाबाईचा जावई. दापोऱ्याचा वेल्डर, गुणी पोरगा. त्या पावसात जन्मलेल्या बाळाचा बाप. कानात गाणी, ओठात गुणगुण. त्याने मला दोन लोखंडी घोड्यांच्या टेकूवर आडवं ठेवलं, खडूने रेघ मारली. कुठे मारली असेल? गोळ्याच्या बरोब्बर वर!

मला ओरडायचं होतं हो. पण नळ्याला वाजवल्याशिवाय आवाज कुठला? मी मनात म्हणत होतो, बाबा रे, एकदा मार, नुसता एकदा हातोडा मार!

त्याने बोळा ओढला. निघेना. मग हातोडा मारला. थप्प! पण शेजारी काँक्रीटचं मिक्सर घरघरत होतं. माझा आवाज त्यात विरून गेला. सागरला तर काहीच ऐकू आलं नाही. "रहने दे यार," असं पुटपुटून त्याने बोळा तसाच ठेवला आणि गॅस सुरू केला. कटरच्या तोंडाशी निळी ज्योत उभी राहिली.

तेवढ्यात लाइट गेली. मिक्सर थांबलं. कधी नव्हे ती शांतता पसरली. गॅसला लाइटशी काय देणंघेणं? ज्योत जळतच होती. कापण्याआधी सागरने गंजाचा पोपडा उडवायला हातोडा पुन्हा आपटला.

थप्प.

पलीकडे नव्या ओट्यावर पाणी मारणारी आशाबाई ताठ झाली. जावयासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी, "जावईबापू, जेवून घ्या" याच्या पुढे न बोलणारी ती बाई जिवाच्या आकांताने किंचाळली, "अरे सागर! थांब! हात लावू नको!"

सागरच्या कानात गाणं. ज्योत माझ्या अंगाला लागली. चटका बसला. पोटातला गोळा मला डोंगराएवढा वाटायला लागला. आशाबाईने भरलेलं घमेलं उचललं, पदर कुठल्या कुठे गेला, धावत आली आणि सगळं पाणी जावयाच्या अंगावर फेकलं. तो दचकून मागे सरला. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला फरफटत लांब नेलं.

"अहो मामी, काय झालं?" तो नखशिखांत भिजला होता.

"गोळा हाये त्याच्यात! व माय, गोळा हाये!" एवढं बोलून ती रडायला लागली.

आरडाओरडा ऐकून सुकलाल धावत आला. त्याने आधी सगळ्यांना दूर पिटाळलं, कटरचा गॅस बंद केला, मग एकट्याने मला नेऊन पाण्याच्या हौदात बुडवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटातून नारळाएवढा लिबलिबीत गोळा निघाला. सुकलालने कपाळावर हात मारला. "त्या रात्री एक बार कमी वाजला होता. मला कळलं होतं आशा. म्हटलं, पावसात मीच मोजायला चुकलो असेन." आशाबाईसमोर सुकलालच काय, निरंजनसाहेबांनीही मान खाली घातली.

मग तिने पदर सावरला आणि सागरला म्हणाली, "जावईबापू, माफ करा. तुम्हाला 'अरे' म्हणून बसले."

"रोज म्हणा मामी," सागर म्हणाला.

मित्रांनो, आता मी आतषबाजी करत नाही. सागरने मला शेडच्या दाराशी साखळीने टांगलं आहे, तोंड खाली, पोट मोकळं. कुठलंही जुनं लोखंड कापायचं असलं की कामकरी आधी मला वाजवतात, मग त्या लोखंडाला वाजवतात, आणि दोन्ही आवाज जुळले तरच कटर पेटतो. तुम्हीही अडगळीतली वस्तू उचलाल तेव्हा घाई करू नका. तिच्या पोटात काय राहिलंय, ते आधी विचारा. आम्ही खरंच उत्तर देतो.

परवा सागर लेकीला कडेवर घेऊन आला. ती आता वर्षाची होईल. आशाबाईने तिच्या मुठीत चमचा दिला. पोरीने तो माझ्यावर मारला.

टण्ण!

आशाबाईने सवयीने डोळे मिटले, ऐकलं, आणि नातीचा पापा घेतला.